भुरी आणि करप्यावर सुगंधी तेलं: पहिल्यांदा फवारणाऱ्यांसाठी

ओवा, लवंग, गवती चहा, सिट्रोनेला यांची तेलं बुरशीवर चालतात. पण आणलेली बाटली पंपात ओतून फवारली की दहातले आठ जण हात पोळून घेतात आणि तेलालाच दोष देतात. तेल पाण्यात मिसळत नाही, ही शाळेत शिकलेली गोष्ट शेतात विसरली जाते. बाकीचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

पंपात काय होतं ते पाहा. पाठीवरच्या पंपात तेल वर तरंगतं आणि नळी तळातून पाणी ओढते. पहिल्या चौदा लिटरमध्ये झाडांना नुसतं पाणी बसतं. शेवटच्या लिटर-दीड लिटरमध्ये सगळं तेल एकदम येतं. परिणाम असा की पहिल्या नऊ ओळींवर भुरी तशीच राहते आणि दहावी ओळ करपते. शेतात एका टोकाची एखादीच ओळ जळालेली दिसली तर औषध कडक होतं असं समजू नका. औषध मिसळलेलंच नव्हतं.

आधी शब्द नीट लावून घेऊ. सुगंधी तेल, म्हणजे दुकानदार ज्याला इसेन्शियल ऑइल म्हणतात ते, वाफेवर काढलेलं आणि हवेत उडून जाणारं तेल असतं. निंबोळी तेल, करंज तेल ही घाण्याची स्थिर तेलं. त्यांचं प्रमाण वेगळं आणि काम करण्याची रीतही वेगळी. निंबोळी तेल लिटरला ५ मिली वापरायची सवय असलेल्याने त्याच हाताने लवंग तेल ५ मिली टाकलं तर कोवळी पानं गेलीच म्हणून समजा. लवंग आणि दालचिनीचं तेल जास्त प्रमाणात तण जाळायला वापरतात, हे ध्यानात ठेवा.

१. रोग ओळखा, मगच तेलाचा विचार करा

सगळ्या बुरशींना हे तेल लागू पडत नाही. सगळ्यात चांगला परिणाम भुरीवर मिळतो. काकडी, दोडका, कारलं, भोपळा, वाटाणा यांच्या पानावर पिठासारखं पांढरं दिसतं आणि बोटाने पुसलं की निघतं, ती भुरी. या बुरशीचे धागे पानाच्या वरच पसरलेले असतात. आत जातात ती फक्त अन्न शोषणारी टोकं, तीही पानाच्या सालीपर्यंत. म्हणून तेलाचा थेंब थेट बुरशीवर बसतो, तिच्या पेशीचं आवरण फाडतो आणि आतला रस बाहेर गळतो.

केवड्याचं तसं नाही. वेलवर्गीय पिकात पानाच्या वरच्या बाजूने शिरांच्या मधोमध कोनाकोनाचे पिवळे डाग आणि सकाळी दवात खालच्या बाजूला राखाडी-जांभळट लव दिसली तर तो केवडा. तो पानाच्या आत वाढतो. तेल आत शिरत नाही, म्हणून एकदा डाग दिसले की उशीर झालेला असतो. मिरचीचा करपा, फळावरचे खोलगट काळे ठिपके, हळदीच्या पानावरचे ठिपके यांच्यावर बीजाणू रुजू न देण्यापुरता तेलाचा उपयोग होतो. ठिपका पडून गेल्यावर तो बरा होत नाही.

हरभऱ्याची मर, तुरीची मर, सोयाबीनची मूळकुज आणि अद्रकाची कंदकूज यांच्यासाठी तेलावर पैसा घालू नका. बुरशी मातीत असते, आणि काळ्या भारी जमिनीत ओतलेलं तेल वरच्या थरातच अडकतं. तिथे ट्रायकोडर्माचं, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणाऱ्या उपयोगी बुरशीचं, काम आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स हे जैविक मिश्रणही त्यासाठीच आणतात.

आणखी एक स्पष्ट बोलायचं तर भुरीवर पाण्यात विरघळणारं गंधक तेलापेक्षा स्वस्त आहे आणि सेंद्रिय शेतीतही चालतं. मग तेल कशाला? खरबूज, काकडीसारख्या पिकांना गंधक पोळतं, तिथे तेल कामाला येतं. तोडणी चालू असताना येतं. परसबाग, शेडनेट, दहा-वीस गुंठ्यांचा भाजीपाला यांनाही परवडतं. पाच एकर सोयाबीनवर तेल फवारायचा बेत असेल तर आधी खर्चाचा हिशोब करा. एकरी २०० लिटर पाणी, लिटरला १ मिली, म्हणजे एका फवारणीला २०० मिली आणि चार फवारण्यांना ८०० मिली तेल लागतं. इमल्सिफायर, म्हणजे तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ, वेगळा. दुकानातला भाव विचारा आणि गुणाकार घरीच करा.

२. तेल निवडा

बुरशीवरचा जोर तेलातल्या घटकावर ठरतो, वासाच्या तिखटपणावर नाही.

ओव्याच्या तेलात थायमॉल असतं. भुरी आणि करपा दोन्हींसाठी पहिली पसंती याला द्या. चांगल्या ओवा तेलाच्या बाटलीत थंडीच्या दिवसांत तळाला खडीसाखरेसारखे स्फटिक बसतात. ती भेसळ नव्हे, थायमॉलच आहे. अमृतधारेसाठी आयुर्वेदिक दुकानात मिळणारं ओवाफूल म्हणजेच हे. बाटली कोमट पाण्यात धरून स्फटिक विरघळवा आणि मगच माप घ्या. नाहीतर वरचं पातळ तेल आज जाईल आणि सगळा जोर शेवटच्या मापात येईल.

लवंग तेलात युजेनॉल असतं, जोर चांगला पण कोवळ्या पानाला लवकर पोळतं. दालचिनी तेल बुरशीवर सगळ्यात कडक तेलांपैकी आहे, मात्र ते कातडीची आग करतं. नवख्याने याने सुरुवात करू नये.

गवती चहाचं तेल सिट्रलमुळे काम करतं. ते मध्यम जोराचं, तुलनेनं स्वस्त आणि सहज मिळणारं आहे. शिकायला हेच बरं. सिट्रोनेला आणि रोशा गवताचं तेल त्याच्या पाठोपाठ येतं. निलगिरी आणि पुदिना वासाला भारी, पण बुरशीवर हलके.

बांधावर गवती चहा आहे म्हणून घरीच तेल काढू, असं अनेकांना वाटतं. ताज्या गवतात तेल साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असतं. म्हणजे क्विंटलभर गवत शिजवून हाती अर्धा किलोच्या आतच तेल येतं, तेही नीट ऊर्ध्वपातन यंत्र असेल तर. पातेल्यात उकळलेला काढा म्हणजे तेल नव्हे. तेल वाफेबरोबर स्वयंपाकघरात उडून गेलेलं असतं.

३. शुद्ध आहे का ते पाहा

पांढऱ्या कागदावर तेलाचा एक थेंब टाका, शेजारी गोडेतेलाचा एक थेंब टाका आणि कागद सावलीत ठेवा. शुद्ध सुगंधी तेलाचा डाग दिवसभरात उडून जातो, फार तर फिकट पिवळी कडा राहते. दुसऱ्या दिवशीही उजेडात धरल्यावर कागद पारदर्शक, चिकट दिसला तर त्यात स्थिर तेल मिसळलेलं आहे. या चाचणीत टर्पेंटाइनसारखी उडणारी भेसळ मात्र सापडत नाही. त्यासाठी कागदपत्रं मागा:

- त्याच बॅचचा जीसी रिपोर्ट, म्हणजे तेलातले घटक मोजणारा प्रयोगशाळेचा (गॅस क्रोमॅटोग्राफी) अहवाल. ओव्यासाठी थायमॉल, लवंगेसाठी युजेनॉल, गवती चहासाठी सिट्रल किती टक्के हे त्यात लिहिलेलं असतं. गवती चहात सिट्रल ७० टक्क्यांच्या वर हवं.
- बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख छापलेली बाटली, आणि पक्कं बिल.
- सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर प्रमाणन संस्थेची तेल आणि इमल्सिफायर दोन्हींसाठी लेखी परवानगी. ही फवारणीच्या आधी घ्यायची. नंतर कळवलं तर प्लॉट अडकू शकतो.

मसाज तेल, अगरबत्तीचं अत्तर, ‘लेमनग्रास फ्रॅग्रन्स’ असं लिहिलेली बाटली घेऊ नका. त्यात वास असतो, औषध नसतं.

४. साहित्य जमवा

काचेचा मापाचा सिलिंडर २५ किंवा ५० मिलीचा घ्या. इंजेक्शनची सिरिंज दोन-तीनदा चालते, मग तिचा रबरी दट्ट्या फुगून अडकतो. स्टीलचं किंवा काचेचं भांडं आणि ताकाची रवी लागेल. रवी नंतर ताकाला वापरता येणार नाही, म्हणून जुनी घ्या. थर्मोकोलचा कप चुकूनही नको, तेल त्याला खातं. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा घ्या. सुगंधी आहे म्हणून हे निरुपद्रवी समजू नका. थायमॉलचा थेंब डोळ्यात गेला तर तेव्हा कळून काय उपयोग!

पंपाला हॉलो कोन नोझल (पोकळ शंकूसारखा बारीक फवारा देणारं) लावा. तणनाशकाला वापरलेला पंप नको.

इमल्सिफायर म्हणून ट्वीन ८० घ्या. साबण आणि सौंदर्यप्रसाधनांचा कच्चा माल विकणाऱ्या किंवा रसायनांच्या दुकानात ते मिळतं. मधासारखं घट्ट, पिवळसर असतं. धुण्याचा साबण किंवा निरम्याने भागवू नका. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, त्याच पाण्यात साबणाची साय धरते, नोझल तुंबतं आणि तेल सुटून वर येतं. ट्वीनला जड पाण्याचा त्रास होत नाही. रिठ्याच्या पाण्यानेही तेल मिसळतं, पण प्रत्येक वेळच्या रिठ्याचा जोर सारखा नसतो, म्हणून हात बसल्यावरच तो प्रयोग करा. सिलिकॉनचा स्प्रेडर यात मिसळू नका. तो तेलाला पानात खोल नेतो आणि पान भाजतं.

५. दुधाळ मिश्रण करा

सगळी मेहनत इथे घ्यायची. १६ लिटरच्या पंपाला, लिटरला १ मिली प्रमाणात:

ओवा किंवा गवती चहा तेल १६ मिली, ट्वीन ८० १६ मिली, कोमट पाणी अर्धा लिटर.

कोरड्या भांड्यात आधी तेल आणि ट्वीन एकत्र करा. पाण्याचा थेंबही नको. चमच्याने दोन-तीन मिनिटं ढवळा, दोन्ही मिळून एकजीव द्रव होतो. मग कोमट पाणी एक-एक चमचा घालत रवीने घुसळायला लागा. सुरुवातीला मिश्रण घट्ट होतं, साय विरजल्यासारखं दिसतं, आणि चुकलं की काय असं वाटतं. थांबू नका. आणखी चार-पाच चमचे पाणी गेलं की ते एकदम सैल पडतं आणि दुधासारखं पांढरं होतं. मग उरलेलं पाणी धारेनं घाला.

उलट क्रमाने, म्हणजे पाण्यात तेल टाकून वरून ट्वीन ओतलं, तर हे दूध होत नाही. तेलाच्या थेंबांचा थर वर येऊन बसतो.

मिश्रण काचेच्या ग्लासात घेऊन दहा मिनिटं बाजूला ठेवा. वर तवंग आला, कडेला पिवळं कडं दिसलं तर अजून ८ मिली ट्वीन घालून पुन्हा घुसळा. तेलाच्या दुपटीपर्यंत ट्वीन चालतं. तरीही फुटलं तर तेलात भेसळ आहे असं समजून ती बाटली बाजूला ठेवा. दूध स्थिर राहिलं की अर्धा भरलेल्या पंपात ओता, पंप पूर्ण भरा आणि हलवा. तयार मिश्रण दोन तासांत संपवा. उरलेलं उद्यासाठी ठेवलं तर उद्या ते तेल आणि पाणीच असेल.

६. पाच झाडांवर चाचणी

प्रत्येक नव्या पिकावर, नव्या तेलावर आणि नव्या बॅचवर ही चाचणी करायचीच. पाच झाडं निवडा. लिटरला अर्धा, एक आणि दोन मिली असं तीन प्रमाणांचं मिश्रण थोडं थोडं करून वेगवेगळ्या फांद्यांवर मारा, दोरी बांधून खूण करा आणि ७२ तास थांबा.

पानाच्या कडा तपकिरी होणं, पानावर तेल सांडल्यासारखे ओलसर पारदर्शक डाग पडणं, शेंडा कोमेजणं, फुलं गळणं, यातलं एक जरी दिसलं तर त्याच्या खालचं प्रमाण घ्या. बहुतेक भाज्यांना १ मिलीवर थांबावं लागतं. पपई तेलाला नाजूक आहे, तिथे अर्ध्या मिलीनेच सुरुवात करा. रोपवाटिकेतल्या रोपांनाही तेच. लिटरला २ मिलीच्या वर जाऊ नका. ‘थोडं जास्त टाकलं तर लवकर जाईल’ हा हिशोब इथे उलटा पडतो.

सोयाबीन किंवा हरभऱ्याच्या बियाण्याला ही तेलं चोळू नका. अंकुर मारायला ती तेवढीच तत्पर असतात. हौस असेलच तर गोणपाटात १०० दाणे गुंडाळून आपण करतो ती उगवण चाचणी तेल लावलेल्या आणि न लावलेल्या बियाण्याची शेजारी शेजारी करून पाहा.

७. फवारणी

रब्बीत दुपारी चार ते साडेपाच ही वेळ धरा. ऊन उतरलेलं असतं, पण दव पडायच्या आत पान वाळतं. भर उन्हात फवारलं तर तेल उडून जातं आणि उरतं ते पान भाजतं. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर फवारूच नका. म्हणजे एप्रिल-मे जवळपास वगळाच. पिकाला पाण्याचा ताण असतानाही नको, आधी पाणी द्या.

भुरी जुन्या, खालच्या पानांपासून चढते. म्हणून नोझल खालून वर धरा, पानाची मागची बाजू भिजली पाहिजे. थेंब ओघळायला लागायच्या आत पुढे सरका. चार-पाच मिनिटांनी पंप एकदा हलवा. काकडी, कारलं यांची फुलं सकाळी उघडतात आणि मधमाश्याही तेव्हाच असतात, म्हणून संध्याकाळची वेळ त्यांच्यासाठीही बरी.

प्रयोगशाळेत झाकणबंद काचेच्या बशीत तेलाची वाफ कोंडून राहते, त्यामुळे बुरशी साफ झालेली दिसते. शेतात वारा ती घेऊन जातो. परिणाम दोन-चार दिवसांचाच टिकतो. म्हणून पहिला पांढरा ठिपका दिसताच सुरुवात करायची आणि सात दिवसांनी पुन्हा फवारायचं. ढगाळ हवा असेल तर पाचव्या दिवशी. निम्म्याहून जास्त पानं पांढरी झाल्यावर तेल हातात घेऊ नका. आधी ती पानं काढून शेताबाहेर न्या. फवारणीनंतर चार-पाच तासांत पाऊस आला तर ती फवारणी धरायची नाही. परदेशात द्राक्षाच्या करड्या बुरशीसाठी युजेनॉल, जिरॅनिऑल आणि थायमॉल यीस्टच्या कवचात भरून विकतात, ते हा उडून जाण्याचा प्रश्न सोडवायलाच. आपल्या घरगुती मिश्रणात ती सोय नाही.

८. कशात मिसळायचं नाही

गंधक आणि तेल यांच्यात किमान १५ दिवसांचं अंतर ठेवा. दोन्ही एकत्र पडली तर पान भाजतं. बोर्डो मिश्रण किंवा ताम्रयुक्त बुरशीनाशक त्याच टाकीत नको. ट्रायकोडर्मा तर नकोच, तीही बुरशीच आहे! तिला आठ दिवसांचं अंतर द्या, किंवा ती जमिनीतून द्या आणि तेल पानावर.

द्राक्षाचे मणी भरू लागल्यावर तेल टाळा. मण्यावरची पांढरी झाक इमल्सिफायरने धुतली जाते आणि व्यापारी तेवढ्यावर भाव पाडतो. कोथिंबीर, मेथी, पालक यांच्यावर तोडणीच्या चार दिवस आधी थांबा. कोथिंबिरीला ओव्याचा वास आला तर गिऱ्हाईक परत येणार नाही.

तोडलेल्या मोसंबीवर हिरवी बुरशी येते ती सालीच्या जखमेतून. त्यामुळे फळ ओढून न तोडता कात्रीने देठ ठेवून कापणं हा पहिला उपाय. तेल लावायचं तर बंद खोक्यात कापसाच्या बोळ्यावर, फळाला न टेकवता, आणि तेही आधी एकाच क्रेटवर. मोसंबीच्या सालीला लवंग तेलाचा थेट थेंब लागला तर तिथे तपकिरी डाग पडतो.

९. नोंद आणि एक ओळ रिकामी

प्रत्येक प्लॉटमध्ये एक ओळ बिनफवारणीची ठेवा. जीवावर येतं, पण त्याशिवाय थंडीने भुरी कमी झाली की तेलाने, हे कळत नाही. फवारलेल्या आणि न फवारलेल्या ओळीतल्या प्रत्येकी दहा झाडांना फीत बांधा. दर झाडाची खालची, मधली, वरची अशी तीन पानं, म्हणजे तीस पानं पाहा आणि किती पांढरी ते लिहा. वही अशी चालते:

‘१२ डिसें., सायं. ४.४०. दोडका, ओळ ३ ते ९. ओवा तेल १ मिली/लि., ट्वीन तेवढंच. वारा नाही, ढग नाहीत. ओळ १० रिकामी. भुरी: ३० पैकी ६ पानं, ओळ १० मध्ये ७.’

तिसऱ्या फवारणीनंतरही दोन्ही ओळींचे आकडे सारखेच असतील तर तेल बदलून पाहू नका. आधी पायरी ५ वर जा आणि ग्लासातली चाचणी पुन्हा करा.

१०. साठवण आणि विक्री

तेल गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, अंधारात, मुलांच्या हाताला न लागेल अशा जागी ठेवा. बाटली निम्मी झाली की लहान बाटलीत भरा. रिकाम्या जागेतल्या हवेने तेल जुनं होतं, वास कडवट होतो आणि जोर उतरतो. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली बाटली मे महिना काढत नाही. पंप वापरल्यावर कोमट पाण्याने दोनदा धुवा आणि वॉशर काढून पुसा. तेलाने ते फुगतात, म्हणून हंगामात एक जोड जादा आणून ठेवा.

मिश्रण आपल्या शेतात वापरणं वेगळं आणि बाटल्या भरून ‘भुरीनाशक’ म्हणून गावात विकणं वेगळं. त्यासाठी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी आणि परवाना लागतो. शेजाऱ्याने मागितलं तर त्याला बाटली देऊ नका. ग्लास आणि रवी घेऊन त्याला समोर बसवा.